आठशे भूमिका आणि एक बोली : झाडीपट्टीचे परशुराम खुणे

२५ जानेवारी २०२३ रोजी पद्म पुरस्कारांची यादी जाहीर झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या नावांत तबलावादक झाकीर हुसेन होते, गायिका सुमन कल्याणपूर होत्या, अभिनेत्री रवीना टंडन होत्या, लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे होते. मुंबई-पुण्याच्या वाचकाला यांतील बहुतेक नावे परिचयाची होती. एका नावापाशी मात्र त्याची नजर अडखळली असणार. परशुराम कोमाजी खुणे हे ते नाव.

त्याच वेळी गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांत या नावाची ओळख करून द्यावी लागत नव्हती. सुमारे पाच दशके हा माणूस रात्र-रात्र मंडपात उभा राहून या भागाला हसवीत आला होता. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ अशी उपाधी लोकांनी त्याला केव्हाच देऊन टाकली होती. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि आठशेच्या आसपास वेगवेगळ्या भूमिका, असा त्याच्या कारकिर्दीचा हिशेब पुरस्काराच्या निमित्ताने देशासमोर आला. मराठी व्यावसायिक रंगभूमीवर एखाद्या नटाच्या खात्यात आयुष्यभरात पन्नास-साठ भूमिका जमा झाल्या तरी त्याचा गौरवग्रंथ निघतो. म्हणूनच हा आकडा वाचून शहरी वाचकाला प्रथम अविश्वास वाटतो. तो अविश्वास दूर व्हायचा तर झाडीपट्टीचे नाटक चालते कसे, हे समजून घ्यावे लागते.

खुणे हे गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांचे वय सत्तरीच्या घरात होते. व्यवसायाने ते शेतकरी. हा तपशील कौतुकापुरता नाही; झाडीपट्टीच्या नाटकाचे सारे वेळापत्रकच शेतकऱ्याच्या वर्षावर बेतलेले आहे. कुरखेड्याच्या उत्तरेला गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव तालुका लागतो. केशोरी, नवेगावबांध, अर्जुनी या पट्ट्यातल्या प्रेक्षकाला जिल्ह्याची सीमा सरकारी कागदावर दिसते, नाटकाच्या मंडपात ती दिसत नाही. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून. नाटक त्याआधीपासून या सगळ्या मुलखाचे आहे. झाडी म्हणजे जंगल आणि पट्टी म्हणजे त्याचा पट्टा. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा तलावांचा, धानाचा आणि दाट वनांचा प्रदेश.

धान कापून खळ्यावर आले, दिवाळी सरली, की गावोगावी ‘मंडई’ भरते. पुण्याच्या माणसाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवेल. येथे मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा. दिवसा बाजार, दंडार, पाहुण्यांची वर्दळ आणि रात्री नाटक. पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, सुरू होतात आणि पटाच्या रात्रीही नाटक असतेच. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. लेकी माहेरी येतात, सोयरे-धायरे मुक्कामाला उतरतात, उपवर मुला-मुलींच्या गोष्टी निघतात. ज्या घरात एरवी पाच माणसे असतात तेथे त्या रात्री पंचवीस पाने मांडली जातात. नाटक पाहायला पाहुणे येतात की पाहुणे यावेत म्हणून नाटक ठेवतात, हे त्या घरच्या माउलीलाच विचारावे.

वडसा नावाचे नाट्यनगर

पूर्वी गावातलीच हौशी मंडळी महिना-दोन महिने तालीम करून नाटक उभे करीत. स्त्री-भूमिकाही पुरुषच करीत. पुढे स्त्री-कलावंत आणि वादक बाहेरून येऊ लागले आणि हळूहळू संपूर्ण नाटकच बाहेरून आणण्याची पद्धत रुजली. आज या व्यवहाराचे केंद्र आहे वडसा, म्हणजेच गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज. या गावाचे स्थान पाहिले की कारण कळते. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वडसा स्थानक आहे आणि गडचिरोली जिल्ह्याला वर्षानुवर्षे तेवढेच एक रेल्वे स्थानक होते. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी, उत्तरेला गोंदियाचे अर्जुनी मोरगाव, जवळच भंडाऱ्याचे लाखांदूर. चार जिल्ह्यांच्या मध्यावर बसलेल्या या गावात नाट्यकंपन्यांनी कचेऱ्या थाटल्या. हंगामाच्या तोंडावर गावोगावच्या मंडळांचे पुढारी येथे येतात, नटांची नावे पाहतात, भाव ठरतो, तारीख पक्की होते.

कंपनीचा नट आज केशोरीला, उद्या सिंदेवाहीकडे, परवा साकोलीजवळच्या एखाद्या खेड्यात. हंगामात सलग कित्येक रात्री त्याला झोप अशी लाभत नाही. पडदा वर जाण्याची वेळ नऊ-दहाची सांगितलेली असते. तिला अर्थ नसतो. आधी उद्घाटन असते. व्यासपीठावर आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार, सभापती, सरपंच असे सगळे बसलेले असतात आणि प्रत्येकाला दोन शब्द बोलायचे असतात. ते दोन शब्द संपता संपता अकरा-साडेअकरा वाजतात. नाटक मग पहाटेपर्यंत चालते. कथानक बहुधा कौटुंबिक आणि अश्रूंनी ओथंबलेले असते. शेतकऱ्याची आत्महत्या, हुंडा, व्यसनापायी उद्ध्वस्त झालेले घर, फसवली गेलेली मुलगी हे तेथले नेहमीचे विषय. मध्ये गाणी असतात, लावणी असते आणि विनोदी प्रवेश असतातच. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या नाटककार-दिग्दर्शकांनी याच चौकटीत ‘आत्महत्या’सारखी गंभीर सामाजिक नाटके रुजवली.

आठशे भूमिकांचे गणित येथे उलगडू लागते. एका हंगामात नट अनेक संहितांत उभा राहतो. कंपनी बदलली की नाटक बदलते आणि कधी कधी रात्र बदलली तरी बदलते. महिनाभराची तालीम या व्यवस्थेत परवडत नाही. ती उणीव भरून काढतो तो प्रॉम्प्टर. शहरी नाटकात प्रॉम्प्टर हा आणीबाणीचा इसम असतो. नट अडला तरच त्याने तोंड उघडायचे. झाडीपट्टीत तो पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत विंगेतून संहिता वाचत राहतो. नट एक कान त्याच्याकडे लावून, वाक्य उचलून, त्यात भाव भरून ते प्रेक्षकांकडे फेकतो. ऐकणे आणि बोलणे यांत निमिषाचेच अंतर असते. हे काम ज्याला जमते तो झाडीपट्टीचा नट. ज्याला जमत नाही तो कितीही शिकलेला असला तरी पहिल्याच अंकात उघडा पडतो.

विनोदी नटाची गोष्ट मात्र वेगळी. त्याला प्रॉम्प्टर एका मर्यादेपर्यंतच साथ देऊ शकतो. प्रवेशाला सुरुवात करून देणारे वाक्य विंगेतून येते, पुढचे त्याचे त्याला रचावे लागते. नायकाचे वाक्य काल ज्या गावात चालले ते आज या गावातही चालते. विनोदी नटाचे चालत नाही. त्याला आजच्या गावाचे बोलावे लागते. येथल्या धान खरेदी केंद्रावर माप झाले की नाही, बारदाना आला की संपला, तलावाची पाळ कोणी दुरुस्त केली आणि बिल कोणी उचलले, रोहित्र जळून किती दिवस झाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला आणि नंतर अर्जुनी मोरगावच्या बाजूलाही फिरून गेला. धानाची नासाडी आणि भरपाईचे पंचनामे असा विषय हाती आला असताना तो नाटकात नाही म्हणून सोडून देणारा विनोदी नट झाडीपट्टीत टिकत नाही. थोड्या वेळापूर्वी व्यासपीठावर बसलेली माणसे आता पहिल्या रांगेत असतात. त्यांच्यापैकी कोणाला, किती आणि कोणत्या शब्दांत टोचायचे, याचा निर्णय त्याने उभ्या उभ्या घ्यायचा असतो. टोचणी कमी पडली तर प्रेक्षक हसत नाही. अधिक झाली तर पुढच्या वर्षी त्या गावाची तारीख दुसऱ्या कंपनीला जाते.

दारूचे उदाहरण घ्यावे. खुणे यांनी ज्या नाटकांत कामे केली त्यांत ‘सिंहाचा छावा’, ‘स्वर्गावर स्वारी’, ‘मरीमायचा भुत्या’ यांच्याबरोबर आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे आणि राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’चेही नाव घेतले जाते. ‘एकच प्याला’ १९१९ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले तेव्हा तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळावर सुशिक्षित प्रेक्षक हसत होता. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गोंदिया आणि भंडाऱ्यात दारूबंदी नाही. म्हणजे एकच कंपनी एका आठवड्यात कोरड्या, ओल्या आणि पुन्हा ओल्या झालेल्या अशा तीन प्रकारच्या मुलखांतून फिरते. मद्यपीचे सोंग तेच. पण बंदी असलेल्या गावात ‘ही मिळते कोठून’ या प्रश्नावर जो हशा पिकतो, तो दुकान उघडे असलेल्या गावात पिकत नाही. तेथे घरधनिणीच्या तोंडचे वाक्य अधिक चालते. कायद्याची हद्द विनोदी नटाला अशी पाठ करावी लागते. व्यसनमुक्ती, अंधश्रद्धा, स्वच्छता, हिंसाचारापासून तरुणांनी दूर राहणे हे विषय खुणे यांनी रंगभूमीवरून लोकांपर्यंत पोहोचवले, असे त्यांच्या गौरवात आवर्जून नोंदवले गेले. यांतील एकही विषय भाषणाने पोहोचला असता असे वाटत नाही. भाषणे तर नाटकाआधीच होऊन गेलेली असतात.

या कलेत देहाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आवाजाचा वाटा असतो. मंडपात शेकड्यांनी, कधी हजारांनी माणसे असतात. मागे बसलेल्याला नटाचा चेहरा दिसत नाही, भुवईची हालचाल तर दूरच. त्याच्यापर्यंत पोहोचतो तो ध्वनिक्षेपकातून येणारा स्वर. म्हातारा, नवरदेव, तलाठी, भुताने झपाटलेला, अर्धवट शिकलेला मास्तर या सगळ्यांतला फरक शेवटच्या रांगेसाठी गळ्यातून काढावा लागतो. हशाही पुढून मागे लाटेसारखा जातो. मागचा हशा पूर्ण होण्याआधी पुढचे वाक्य आले तर दोन्ही फुकट जातात. म्हणून थांबायचे किती, हे मंडपाच्या लांबीवर ठरते. महाराष्ट्राने अशी आवाजाची करामत दुसऱ्या एका रूपात पाहिली आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या आणि त्यांचा मुख्य आधार मराठवाड्याच्या बोलीतले स्वरांचे चढउतार हाच होता. फरक एवढाच, की देशपांडे यांच्याजवळ वर्षानुवर्षे घासून घेतलेली एक संहिता होती. झाडीपट्टीच्या नटाची संहिता रोज रात्री नवी होते आणि पहाटे संपते.

दादा कोंडके यांच्याशी खुणे यांची तुलना होते, ती या अंगाने तपासून पाहण्याजोगी आहे. कोंडके जन्माने मुंबईच्या नायगावचे. वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्याने त्यांना नाव दिले. त्या वगात त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी रात्रीच्या प्रयोगात येत असे आणि लोक त्यासाठी पुन्हा पुन्हा येत. १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ आला आणि कोंडके पडद्याचे झाले. पडद्यावर उत्स्फूर्तपणा उरत नाही, पण काम उरते. १४ मार्च १९९८ रोजी कोंडके गेले तरी त्यांचा विनोद आजही दाखवता येतो. खुणे यांच्या पाच हजार प्रयोगांचे तसे नाही. ते ‘विच्छा’च्या टप्प्यावरच, म्हणजे जिवंत प्रेक्षकांसमोर, राहिले. त्यांचा विनोद ज्यांनी ऐकला त्यांच्या आठवणीत आहे. अलीकडे मोबाइलवर चित्रित झालेले तुकडे फिरतात, पण ज्या प्रसंगावरून तो विनोद झाला तो प्रसंग ठाऊक नसेल तर तुकडा मुका वाटतो.

या विनोदाची मुळे तमाशापेक्षा झाडीच्या स्वतःच्या लोककलांत शोधावी लागतील. दंडार येथे गावोगावी होते. खडी गंमत तर भंडारा-गोंदियाची खासियत. शाहीर, ढोलकी, नाच्या आणि सवाल-जवाबातून उडणारी खिल्ली हे तिचे स्वरूप. शाहिराच्या तोंडून गावच्या पाटलाचीही गय होत नसे आणि पाटील ते बसून ऐकत असे. मंडपातल्या पहिल्या रांगेचे आजचे पुढारी त्याच पाटलाच्या खुर्चीवर बसलेले असतात.

हसणाऱ्याची बोली

येथपर्यंतची कथा गौरवाची आहे. तिच्यात एक सल आहे आणि तो भाषेचा आहे.

झाडीपट्टीच्या बहुतेक नाटकांत नायक, नायिका, खलनायक, त्यागी आई, प्रामाणिक फौजदार ही सारी पात्रे ग्रंथांतली प्रमाण मराठी बोलतात. झाडीबोली बोलतो तो प्रामुख्याने विनोदी नट. या बोलीत ‘ण’ नाही, पाणी ‘पानी’ होते. ‘ळ’च्या जागी बहुधा ‘र’ येतो, डोळ्याचा ‘डोरा’ आणि काळ्याचा ‘कारा’ होतो. प्रेक्षक घरी, शेतात, बाजारात हीच बोली बोलतो. मंडपात बसून त्याच बोलीवर तो हसतो आणि रडण्याची वेळ आली की पुस्तकी मराठीतल्या वाक्यांवर रडतो. स्वतःच्या भाषेत दुःख व्यक्त होऊ शकते, हे त्याच्याच नाटकाने त्याला क्वचित दाखवले आहे.

याला दोन बाजू आहेत. विनोदी नट नसता तर झाडीबोली रंगभूमीवर बहुधा आलीच नसती. शाळेत ती चुकीची ठरते आणि नोकरीच्या मुलाखतीत लपवावी लागते. गोंदिया शहरात तर हिंदीचा जोर मोठा. आमगाव-सालेकसा भागात पोवारी आणि छत्तीसगडीचा शेजार, देवरीकडे गोंडी. अशा गर्दीत झाडीबोलीला हजारो माणसांसमोर, ध्वनिक्षेपकावरून, टाळ्या घेत बोलणारा एकच माणूस होता आणि तो होता विनोदी नट. खुणे यांच्यासारख्यांचे हे ऋण भाषेच्या अभ्यासकांनाही मान्य करावे लागेल. दुसरी बाजू अशी, की ज्या बोलीवर फक्त हसलेच जाते, ती बोलणाऱ्याला हळूहळू स्वतःचीच लाज वाटू लागते. दूरचित्रवाणीवरही वेगळे घडलेले नाही. ‘चला हवा येऊ द्या’मधून भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी महाराष्ट्रभर पोहोचली, लाडकी झाली, पण त्याच वाहिन्यांच्या गंभीर मालिकांत वऱ्हाडी बोलणारा नायक शोधावा लागतो.

नाटकाबाहेर या बोलीला वेगळी वागणूक मिळाल्याची उदाहरणे याच मातीत आहेत. साकोली परिसरातले डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि तिच्या लोककला यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली, कविता छापल्या जाऊ लागल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधला वन अधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली जंगलातल्या माणसांपाशी बसले, त्यांचे शब्द त्यांनी टिपून घेतले आणि ते मराठी साहित्यात आणले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक तेथलेच. त्यांनाही २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच वर्षी १८ जूनला त्यांचे निधन झाले. झाडीतल्या माणसाचा शब्द चितमपल्लींच्या पानावर ज्ञान म्हणून आला आणि नाटकाच्या मंडपात गंमत म्हणून. दोन्ही ठिकाणी दाद मिळाली, मात्र दोन दादींची जात वेगळी आहे.

विनोदी प्रवेशांवर अश्लीलतेचा आणि द्व्यर्थी संवादांचा आक्षेप जुनाच आहे. तो सर्वस्वी खोटाही नाही. नाटकापेक्षा नाचगाण्यांवरच तिकिटे खपतात असे दिसू लागल्यावर अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. त्या ओघात विनोदी नटाकडूनही व्यंगापेक्षा चावटपणाची मागणी वाढली. चावटपणाला गावाची माहिती लागत नाही, तो कोठेही तसाच चालतो. धान खरेदीवरच्या वाक्याला मात्र खरेदी केंद्राची माहिती लागते. व्यवहाराच्या घाईत पहिला प्रकार स्वस्त पडतो.

बाहेरून आलेले आघातही कमी नव्हते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. शहरात ही बातमी प्राण्यांच्या बाजूने किंवा परंपरेच्या बाजूने वाचली गेली. झाडीपट्टीत तिचा आणखी एक अर्थ होता. दिवसा पट नाही तर पाहुणे नाहीत आणि पाहुणे नाहीत तर रात्रीच्या नाटकाला तिकीट कोण काढणार? डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. मधल्या काळात करोना येऊन गेला. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तो हंगाम संपतच आला होता. खरा फटका बसला तो पुढच्या दिवाळीनंतरच्या हंगामाला. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्यात नाट्यगृहे निम्म्या क्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. पण झाडीपट्टीला नाट्यगृह नसते. तिचे नाटक मंडईत होते आणि मंडई म्हणजे गर्दी. नट, वादक, नेपथ्याचे ट्रक चालवणारे, मंडपाबाहेर चहा-भज्यांची दुकाने लावणारे असे सगळेच त्या वर्षी रिकाम्या हातांनी बसले. ज्यांच्याकडे खुणे यांच्याप्रमाणे शेती होती त्यांचे निभावले.

त्यानंतरच्या काळात बाहेरच्या जगाचे लक्ष या रंगभूमीकडे थोडे अधिक वळले. तृषांत इंगळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘झॉलीवूड’ हा झाडीपट्टीच्या नाट्यव्यवसायावरचा मराठी चित्रपट जून २०२२ मध्ये प्रदर्शित झाला आणि सात-आठ महिन्यांतच खुणे यांच्या पद्मश्रीची वार्ता आली. वडशाच्या नाट्यव्यवसायाला कोणतेही नियमित अनुदान नसताना, मुंबई-पुण्याच्या समीक्षकांनी तिची दखल घेतली नसताना, केवळ तिकिटाच्या पैशावर ती उभी आहे. त्या रंगभूमीवरच्या एका विनोदी नटाला राष्ट्रपती भवनात बोलावणे आले. नायकाला आले नाही, नाटककारालाही नाही. हा क्रम झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला मुळीच चमत्कारिक वाटला नाही. त्याने तिकीट नेहमी भित्तिपत्रकावरचा विनोदी नटाचा चेहरा पाहूनच काढलेले असते.

खुणे यांच्या आठशे भूमिकांपैकी किती झाडीबोलीतल्या होत्या, त्यांत त्यांनी रचलेली वाक्ये कोणती आणि संहितेतली कोणती, याची नोंद व्हायला हवी. ती करण्यासाठी लागणारी माणसे अद्याप आहेत. विंगेत बसून हजारो रात्री वाचणारे प्रॉम्प्टर आहेत, पायपेटीवर आणि तबल्यावर साथ केलेले वादक आहेत, गुरनोलीपासून नवेगावबांधपर्यंत ज्यांनी ती नाटके अनेकदा पाहिली ते वृद्ध प्रेक्षक आहेत. पुण्या-मुंबईच्या नाटकांच्या मुद्रित संहिता ग्रंथालयांत मिळतात. झाडीपट्टीच्या विनोदाची संहिता या माणसांच्या कानांत आहे. हंगाम संपला की ती सारी आपापल्या गावी असतात. धानाच्या पुढच्या रोवणीपर्यंत, म्हणजे मृग लागून पाऊस स्थिरावेपर्यंत, त्यांना बोलायला सवड असते.